साडूची सहवीज

सरकारी निविदेवर मनापासून, निरपेक्ष आणि आयुष्यभर प्रेम केलेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. बाकीचे लोक निविदा काढतात, भरतात, रद्द करतात, कोर्टात नेतात. पण संध्याकाळी हातपाय धुऊन, देवापुढे दिवा लागल्यावर झोपाळ्यावर बसून आवडीने निविदा वाचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. "काय भाषा आहे मास्तर!" असं म्हणून तो मला अटी व शर्तींमधला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि 'सक्षम प्राधिकाऱ्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील' या ओळीपाशी त्याचा आवाज भरून यायचा. मी पेणच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. कुठल्याही कवितेवर माझ्या एकाही विद्यार्थ्याचा आवाज असा भरून आल्याचं मला आठवत नाही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायचं झालं तर पूर्वपरवानगी लागेल, ती तीन प्रतींत मागावी लागेल, आणि त्यातली एक प्रत तो व्याकरणाच्या चुका काढून मला परत पाठवेल.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्याच्या वाट्याला थोरली आली, म्हणून मानाने तो मोठा. वयाने मात्र माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. राहायला रोह्याला आणि नोकरी पेणला, एका सरकारी खात्यात यांत्रिकी अभियंता. रोज सकाळच्या गाडीने यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने जायचा, आणि मधल्या वेळात पेणातली जी काही उष्णता वाया जात असेल तिच्यासाठी हळहळायचा. हे मी गमतीने म्हणत नाही. उष्णता वाया जाताना पाहिली की या माणसाला खरोखरच त्रास होतो. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आला तेव्हा हात धुण्याआधी त्याने आमच्या फ्रिजच्या मागे तळवा ठेवला. माझ्या बायकोला वाटलं, भावोजी धूळ बघतायत. ती बिचारी कानकोंडी होऊन फडकं घेऊन धावली. "धूळ असू दे," तो म्हणाला, "पण इथे केवढी ऊब आहे, आणि तुम्ही पापड गच्चीवर वाळवता?" त्या पावसाळ्यात आमच्या घरचे पोह्याचे पापड फ्रिजच्या मागे दोरीवर वाळले. चांगले वाळले, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. फक्त पुढचे दोन महिने फ्रिज उघडायला गेलं की अंगावर पापड पडायचे.

त्याच्या स्वतःच्या घरी तर एकाही वस्तूला एकच काम करायची मुभा नव्हती. इन्व्हर्टरवर दह्याचं भांडं, टीव्हीच्या डब्यावर ओले मोजे, इस्त्री झाल्यावर तिच्या उरलेल्या उष्णतेवर चुरगळलेल्या नोटिसा आणि लग्नपत्रिका सरळ करणं. एकदा मी रोह्याला गेलो असताना मेहुणीने मला चहा दिला आणि कप ठेवायला बशी शोधू लागली, तर हा म्हणाला, "बशी कशाला? मास्तरांच्या हातात दे. सांधे दुखतात त्यांचे, शेकले जातील." मेहुणीने माझ्याकडे बघून नुसता एक सुस्कारा सोडला. हा सुस्कारासुद्धा तो वाया जाऊ देणार नाही अशी मला भीती वाटली.

खरेदीचं तर विचारूच नका. कोणतीही वस्तू घ्यायची म्हणजे किमान तीन ठिकाणचे भाव, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि शेवटी शेरा. रोह्याच्या बाजारात मासळीवाल्यांच्या तीन पाट्यांसमोर आळीपाळीने उभा राहून हा वहीत काहीतरी लिहायचा. एके दिवशी त्यांच्यातल्या एका आजीने कोयता खाली ठेवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय रं दादा, म्हावरा न्यायचा हाय का पोरीचा लगीन जमवायचा हाय? मगासधरनं नुसता लिवतंस!" बाजार हसला. साडू मुळीच हसला नाही. त्याने गंभीरपणे तिला समजावलं की स्पर्धा झाली पाहिजे, नाहीतर व्यवहार पारदर्शक होत नाही. "पारदर्शक होयाला ती काय कोलंबी हाय?" आजी म्हणाली. हे उत्तर त्याला इतकं आवडलं की तो तिच्याकडूनच मासळी घेऊ लागला, आणि तुलनात्मक तक्त्यात कारण लिहिलं, 'सर्वोत्तम तांत्रिक क्षमता'.

असा हा माणूस एके दिवशी अचानक गप्प झाला. आमच्याकडे जेवायला बसला होता. पानातला भात निवला तरी हाताला लावेना. मग म्हणाला, "मास्तर, आज एका सरकारी दवाखान्यात जनरेटर तपासायला गेलो होतो." दवाखाना पेण आणि रोह्याच्या मधला, नाव लिहायचं नाही अशी त्याची अट आहे आणि ती मी पाळतो. तिथे वीज वरचेवर जाते म्हणून जनरेटर तासन् तास चालतो. मागच्या अंगणात त्याचं धुराडं एका जांभळीच्या झाडाकडे तोंड करून गरम हवा ओकत असतं, इतकी की त्या बाजूची फांदी वाळून गेली आहे. आणि पुढच्या दाराने आपली डबडी घेऊन बाळंतिणींच्या आया-सासवा समोरच्या चहाच्या टपरीवर जातात, गरम पाणी मागायला. गच्चीवर सौर बंब आहे, पण आपल्याकडे चार महिने ऊन असतं कुठे? "तिथली उष्णता झाडाला मिळते मास्तर," तो म्हणाला, "आणि अंगणापलीकडच्या बाळाला मिळत नाही. मध्ये फक्त एक भिंत आहे हो!"

तिथून त्याच्या डोक्यात सहवीजनिर्मिती शिरली. साखर कारखान्यांमुळे हा शब्द पुष्कळांना ठाऊक असेल, मला नव्हता. त्याने मला तो आमच्या स्वयंपाकघराच्या भाषेत समजावला. चुलीवर भात शिजतो, आणि त्याच जाळावर मागच्या वैलावर आमटी आपोआप कढते. वैलासाठी वेगळं लाकूड लागत नाही. तसंच, एका इंजिनावर वीज करायची, आणि इंजिन तापल्यावर जी ऊब फुकट जाते तिच्यावर पाणी तापवायचं, वाफ करायची. वाफेवर दवाखान्यातले कपडे आणि अवजारं निर्जंतुक होतील, पाणी नळाला जाईल. जाळायला काय? तर भाताचं तूस. आपल्याकडे भातगिरण्या आहेत आणि प्रत्येक गिरणीच्या मागे तुसाचा ढीग आहे, त्या तुसापासून गॅस करायचा आणि तो इंजिनाला पाजायचा. हे सगळं त्याने मला वरणाच्या वाटीत बोट बुडवून ताटावर आकृती काढून सांगितलं. ते ताट बायकोने बराच वेळ उचललं नाही.

मंजुरी यायला काही वर्षं गेली. त्या वर्षांचं वर्णन मी करत नाही. ज्याने सरकारी कार्यालय पाहिलं आहे त्याला सांगायला नको आणि ज्याने पाहिलेलं नाही त्याचा विश्वास बसणार नाही. त्या काळात साडू तुसाच्या मागे लागला. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि माझ्याकडे स्कूटर होती. एवढ्या पात्रतेवर त्याने माझी नेमणूक केली. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं जिते ते कोलाड अशा गिरण्या फिरायचो. महामार्गाचं काम चालू होतंच, ते कायम चालूच असतं, त्यामुळे मागे बसलेल्या साडूचा प्रत्येक खड्ड्याला "तूस ओलं आहे का हे विचारायला विसरलो!" असा काहीतरी उद्गार निघायचा. प्रत्येक गिरणीत तो ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर तूस काढायचा, हुंगायचा आणि पिशवीत घालून चिठ्ठी चिकटवायचा. पुढे पिशव्या संपल्या. मग नमुने मेहुणीच्या मसाल्याच्या बरण्यांत गेले. त्या दिवाळीत माझी बायको रोह्याला बहिणीकडे चकलीसाठी बरणी शोधत होती तेव्हा तिच्या हाताला जी लागली तिच्यावर लिहिलं होतं, 'कोलाड, मध्यम ओलसर, खात्रीलायक'. "ताई," तिने बहिणीला विचारलं, "हे तूस की भावोजी?"

कोलाडकडच्या एका गिरणीवाल्या चाचांशी त्याची विशेष गट्टी जमली. दोन्ही मुलगे आखातात, हे एकटे गिरणी चालवायचे. पत्र्याच्या मोठ्या शेडखाली त्यांचं तूस कोरडं ठणठणीत असायचं. साडूने त्यांच्याकडे तुसाच्या पुरवठ्याची लेखी तयारी मागितली. चाचांनी चष्मा काढला. "साहेब, तूस न्यायचं तर खुशाल न्या की. आमच्याकडे ते जागा अडवून बसलंय. पण कागद कशाला? माझी जबान हाय ना!" साडू म्हणाला, "चाचा, तुमच्या जबानीवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ती फायलीला लावता येत नाही." चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी सही केली, वर अत्तराचा बोळाही साडूच्या कानात खोचला. त्या कागदाला पुढे फायलीत वर्षभर वास येत होता, असं त्याच्या कार्यालयातले लोक सांगतात.

आणि मग निविदा निघाली, आणि तिच्यात मी माती खाल्ली.

झालं असं, की निविदेचा मराठी मसुदा त्याने मला तपासायला दिला. साठ-सत्तर पानं. मी लाल पेन घेऊन बसलो. पहिली वीस पानं मी ऱ्हस्वदीर्घासकट चाळणीतून काढली, पुढची वीस बरी पाहिली, आणि उरलेली दुपारचं जेवण झाल्यावर पाहिली. म्हणजे डोळे उघडे होते एवढंच. वर 'वाचले, योग्य आहे' असा शेरा मारून परत दिली. बोलीपूर्व बैठक झाली. निविदा भरणाऱ्यांनी आपल्या शंका आधी विचाराव्यात म्हणून ही बैठक असते. तिथे टाय लावून आलेला एक प्रतिनिधी गोड आवाजात म्हणाला, "साहेब, बेचाळिसाव्या पानावर लिहिलंय, 'वीज व वाफ किंवा गरम पाणी पुरवणे'. म्हणजे आम्ही नुसतं गरम पाणी दिलं तरी अट पूर्ण होते, बरोबर? मग आम्ही चार गीझर बसवतो." सगळी बैठक हसली. साडूने पान उघडलं आणि ओळ वाचली. वाक्य खरोखरच तसं होतं. एका 'किंवा'ने त्याच्या सगळ्या वर्षांच्या खटपटीचे गीझर करून टाकले होते.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला नाही. मला व्हॉट्सॲपवर एक पत्र आलं: 'विषय: कर्तव्यात कसूर केल्याबाबत खुलासा. उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की आपण तपासलेल्या मसुद्यात गंभीर त्रुटी आढळून आली आहे. तरी आपला लेखी खुलासा हे पत्र मिळताच सादर करावा.' मी हसलो, आणि हसता हसता मला फार वाईट वाटलं. मी लिहिलं: 'महोदय, जेवणात वालाचं बिरडं होतं. डोळा लागला. चूक सर्वस्वी माझी आहे. होईल ती शिक्षा मान्य.' उत्तर आलं: 'खुलासा समाधानकारक. प्रकरण नस्तीबद्ध.' म्हणजे फाईल बंद. दुसऱ्या दिवशी मला कळलं, की कार्यालयात त्याने ती चूक स्वतःच्या नावावर लिहून घेतली होती. कुठेही माझा उल्लेख नाही. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे नोकरीला होता का? सही माझी होती. आता शुद्धिपत्रक काढतो, त्यात भाषा कशी ठेवू ते सांगा. आणि बिरडं खाऊ नका."

शुद्धिपत्रक निघालं, मुदत वाढली, आणि पहिल्या फेरीला एकही निविदा आली नाही. दुसऱ्या फेरीला एकच आली. एकट्याची घेता येत नाही, स्पर्धा हवी, म्हणून पुन्हा फेरनिविदा. इकडे साडूच्या निवृत्तीला जेमतेम तीन महिने उरले. त्याच्यानंतर ही फाईल कोण पुढे नेणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं; खरं म्हणजे सगळ्यांनाच सांगता येत होतं. त्याचे वरिष्ठ त्याच्याहून लहान, माणूस वाईट नव्हे. त्यांनी बोलावून सांगितलं, "कशाला जिवाला त्रास करून घेता? वाफबिफ काढून टाका. साधा जनरेटर घेऊ, पंधरा दिवसांत उरकेल. तुमच्याच कारकिर्दीत होईल, नाव तुमचंच लागेल." साडूने मला हे पेणच्या स्टेशनावर बाकावर बसून सांगितलं. "मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं. "मी म्हणालो, साहेब, जनरेटर तिथे आहेच. आणखी एक घेतला तर जांभळीची दुसरी फांदी वाळेल. नुसता जनरेटर घ्यायला अभियंता कशाला लागतो, दुकानदार पुरतो." "आणि ते?" "ते खिडकीतून बाहेर बघत बसले. मग म्हणाले, आणा ती फाईल." एवढं सांगून साडूने बाकावर ठेवलेल्या माझ्या पिशवीतलं केळं न विचारता काढलं आणि सोलून खाल्लं. इतक्या वर्षांत हा माणूस माझी वस्तू भाव न विचारता घेताना मी प्रथमच पाहत होतो. तेव्हा मला कळलं की तो किती घाबरलेला आहे.

तिसऱ्या फेरीचे लिफाफे उघडायच्या दिवशी मी पेणच्या त्याच्या कार्यालयात गेलो. लिफाफे म्हणायचे एवढंच. सगळं संगणकावर असतं, आणि किती जणांनी निविदा भरल्या ते उघडेपर्यंत कळत नाही. उघडायला अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीचं बोटाएवढं एक यंत्र लागतं. ते हरवू नये म्हणून साडूने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं होतं; शिपायाला बरेच दिवस तो ताईत वाटत होता. मला त्याने खोलीत येऊ दिलं नाही. "तुम्ही नातेवाईक. बाहेर बाकावर बसा." मी बसलो. बरोबर अकरा वाजता आतून त्याचा आवाज आला, "सुरू करतोय." आणि वीज गेली.

कार्यालयभर जुने यूपीएस चिमण्यांसारखे चिवचिवू लागले, आणि पाच मिनिटांत तेही संपले. वीजनिर्मितीची निविदा उघडताना वीज जावी यात कोणाला काय मौज वाटली असेल ती असो, आत कोणी हसलं नाही. शिपाई सांगत आला, "साहेब, वायरमन बोलला अर्धा तास तरी नाय येत." मी दाराच्या फटीतून पाहिलं. साडू काळोख्या पडद्यासमोर ताठ बसला होता. मग त्याने हळूच हात लांबवून यूपीएसवर तळवा ठेवला, त्याचा चेहरा थोडा निवळला, आणि त्याने आपला निवलेला चहाचा पेला उचलून त्या यूपीएसवर ठेवला. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते मी त्याला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. वीज आली, संगणक सुरू झाला, आणि आतून एकदम ओरडा आला, "तीन! मास्तर, तीन आल्यात!" खरं तर हे त्याने नातेवाइकाला ओरडून सांगणं नियमात बसलं नसावं. त्याने वरिष्ठांशी हात मिळवला, लेखापालाशी मिळवला, शिपायाला मिठी मारली, आणि बाहेर येऊन मला हाताला धरून समोरच्या दुकानात नेलं. "अर्धा किलो पेढे द्या," तो म्हणाला. एकाच दुकानात. वही न काढता. मी मुद्दाम म्हणालो, "पलीकडच्या दुकानातले ताजे असतात म्हणे." "असू देत!" तो म्हणाला.

तपासणीत काम मिळालं ते एका छोट्या कंपनीला. तिची प्रमुख तिशीतली एक मुलगी, अभियंता. या फेरीच्या बोलीपूर्व बैठकीत बाकीचे अटी कशा सैल होतील ते विचारत होते, तेव्हा ही एकटीच विचारत होती की पावसाळ्यात तूस कोरडं कसं ठेवायचं. स्वतः गिरण्या फिरून आली होती. कार्यादेशावर सही झाली तेव्हा साडूच्या निवृत्तीला तीन दिवस होते. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी त्याला शाल, श्रीफळ आणि उत्तमपैकी थर्मास दिला. भाषण करायला उभा राहिला आणि थर्मासच्या झाकणातून उष्णता कशी निसटते ते वीस मिनिटं सांगत बसला. शेवटी मेहुणीने पहिल्या रांगेतून हात जोडले, तेव्हा खाली बसला.

खरी पंचाईत त्याच्यानंतर झाली. दवाखान्याच्या मागे पत्रे उभे राहिले, यंत्रं आली, आणि साडूला आत जाता येईना. म्हणजे कोणी अडवलं नव्हतं. त्याचं त्यालाच जाता येईना. आठवड्यातून तीनदा तो रोह्याहून यायचा आणि त्याच चहाच्या टपरीवर बसून रस्त्यापलीकडे बघत राहायचा. तुसाचा टेम्पो आला की उठून उभा राहायचा. पावसाळ्यात चाचणी सुरू झाली आणि इंजिन दोन-दोन तासांनी बंद पडू लागलं. त्या दिवशी मी त्याच्या शेजारीच होतो. इंजिन घरघरून थांबलं की हाही श्वास थांबवायचा. शेवटी ती मुलगी छत्री घेऊन रस्ता ओलांडून आली.

"काका, किती दिवस बघतेय. आत या ना."

"नको," साडू म्हणाला. "मी आता अनधिकृत इसम आहे."

तिने हसू दाबलं, छत्री मिटली आणि सरळ आमच्या बाकावर येऊन बसली. "मग माझी अडचण इथेच सांगते. तूस ओलं येतंय." साडूने डोळे मिटले. पुढचा पाऊण तास ती दोघं अशा भाषेत बोलली की टपरीवाल्याने आणि मी फक्त चहा पीत राहावं. मला एवढंच कळलं की पावसाळ्याचे चार महिने कोलाडच्या चाचांच्या शेडमधलंच तूस आणायचं. ती चाचांचा नंबर लिहून घेत असताना साडू हळूच म्हणाला, "त्यांना म्हणावं, कागद लागेल." आठवड्याभरात इंजिन अखंड चालू लागलं. टपरीवर बसून साडूने त्याची घरघर इतक्या तृप्तीने ऐकली, की लोक मैफलीत जातात ते असंच काहीतरी ऐकायला जात असतील असं मला वाटलं.

उद्‌घाटनाची पत्रिका त्याला आली नाही. कोणाचा दुष्टपणा नव्हता. पत्रिका त्याच्या जुन्या कार्यालयाच्या पत्त्यावर गेली आणि तिथे त्याच्या जुन्या टेबलावर त्याची वाट बघत राहिली. तरीही आम्ही गेलो. मंडपात मागे उभे राहिलो. पाहुणे आले, फीत कापली गेली, भाषणं झाली. भाषणांत सहवीज हा शब्द तीन वेगवेगळ्या प्रकारे चुकीचा उच्चारला गेला आणि दर वेळी साडूने ओठ हलवून तो मनातल्या मनात दुरुस्त केला. त्या मुलीने बोलताना इकडेतिकडे कोणाला तरी शोधल्यासारखं केलं, पण आमच्या पुढे कॅमेरेवाले होते. मला राहवेना. मी पुढे जाऊन सांगतो म्हणालो, तर त्याने माझ्या बाहीला धरून ठेवलं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही फाटकाशी आलो. आतून खाडीकडच्या कुठल्या तरी गावातली एक म्हातारी वाफाळती बादली घेऊन व्हरांड्यात आली, बादली खाली ठेवली आणि बोटांवर फुंकर घालू लागली.

"काय झालं आजी?" साडूने विचारलं.

"अरं बाबा, नलाला कडकडीत पानी येतंय! मना काय ठाव? हातच भाजला माजा." ती तक्रार करत होती आणि हसत होती. "नात झालीय मना कालच्याला. तिला न्हाऊ घालाया पानी घेतलाय. ह्यो कोनी केला रं?"

"सरकारने केलं, आजी," साडू म्हणाला.

"सरकारानं?" म्हातारीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "कवापासनं एवरा शाना झाला सरकार?" आणि बादली उचलून ती आत गेली.

साडू मोठ्याने हसला. मग आम्ही स्टेशनाच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना भाताची शेतं पिकून पिवळी झाली होती, ऊन सोसवेल असं होतं, आणि तो हात मागे बांधून चालत होता. इतक्या वर्षांत त्याच्या हातात फाईल, पिशवी किंवा वही नाही असं मी बहुधा पहिल्यांदाच पाहत होतो. हात रिकामे असले की हा माणूस थोडा म्हातारा दिसतो, हेही मला तेव्हाच कळलं.

"तुम्ही केलं असं सांगायला काय हरकत होती तिला?" मी शेवटी विचारलं.

"एकट्याने केलं असं कसं सांगणार?" तो म्हणाला. "चौदा जणांच्या सह्या आहेत मास्तर त्या फायलीवर."

गाडीचा भोंगा लांबून ऐकू आला. तो थांबला, वळून त्याने एकदा मागे पाहिलं. झाडांच्या वर, दवाखान्याच्या बाजूला, विरळ पांढरी वाफ तेवढी दिसत होती.

"पहिली सही माझी आहे," तो म्हणाला, आणि भरभर चालू लागला.